रद्द करा की ठीक आहे?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

ज्येष्ठांनी मोबाईल वापरताना काय काळजी घ्यावी यावर तुमच्या पेपरात नेहमी काही ना काही येत असतं, ते चांगलंच आहे, पण ज्यांनी ती ॲप्स बनवली त्यांनी काय काळजी घ्यायला हवी होती यावर कोणीच लिहीत नाही म्हणून हे पत्र.

माझी आई १९५१ सालची. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. जनगणनेच्या याद्या, निवडणुकीची कागदपत्रं, अख्ख्या वाडीतल्या लोकांचे दाखल्यांचे अर्ज हे सगळं तिने आयुष्यभर स्वतःच्या हाताने भरलंय, त्यामुळे तिला फॉर्म भरता येत नाही असं निदान कोणी म्हणू नये. मध्यंतरी तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि क्लेमसाठी ती विमा कंपनीच्या ॲपवर अर्ज भरायला बसली.

सुरुवात जन्मतारखेपासून. रकान्यावर बोट ठेवलं की कॅलेंडर उघडतं, तेही चालू महिन्याचं, आणि मागे जायला एक बारीकसा बाण, एकदा दाबला की एक महिना मागे. म्हणजे १९५१ गाठायला साधारण नऊशे वेळा दाबायचा. आई दाबत दाबत २०१७ पर्यंत गेली आणि मग मला फोन केला. मी सांगितलं, अगं वर साल लिहिलंय ना त्यावर दाब, वर्षांची यादी उघडेल. उघडली. पण ते साल बटणासारखं दिसतच नाही हो, नुसतं लिहिलेलं दिसतं, त्यावर दाबायचं असतं हे कोणी कसं ओळखायचं? दिवस, महिना, साल असे तीन साधे रकाने दिले असते तर दहा सेकंदांचं काम होतं.

मग मोबाईल नंबर. तिचा कीबोर्ड मराठी, तिने नंबर मराठी अंकांत लिहिला, खाली लाल अक्षरात आलं ‘अवैध क्रमांक’. तिने चार वेळा तपासून पाहिला, नंबर बरोबरच होता. युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर ज्या पद्धतीने प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देतो त्यात, ० ते ९ हे देवनागरी अंक ओळीने एकापुढे एक आहेत, ते आतल्या आत इंग्रजी अंकांत बदलून घेणं हे प्रोग्रामरसाठी अगदी किरकोळ काम, पण ॲप मराठीत आहे म्हणून जाहिरात करणाऱ्यांना मराठीत आकडे लिहिणारं कोणी असेल हे सुचलंच नाही.

तरी तिने चिकाटीने सगळं भरलं, डिस्चार्ज कार्ड, बिलांचे सात फोटो, लेन्सचं स्टिकर, तासभर तरी गेला असेल. शेवटच्या पानावर चुकून मागे जायचं बटण दाबलं गेलं आणि पॉप-अप आला, ‘तुम्हाला हा अर्ज रद्द करायचा आहे का?’ आणि खाली दोन बटणं, ‘रद्द करा’ आणि ‘ठीक आहे’.

आता तुम्हीच सांगा, अर्ज वाचवायचा असेल तर काय दाबायचं? आईने विचार केला की रद्द तर करायचा नाहीये, मग ‘ठीक आहे’. अर्ज पुसला गेला. पहिल्यापासून सगळं कोरं.

मला फोन करून म्हणाली, माझंच चुकलं गं, आता नाही जमत मला हे.

संपादक साहेब, हे वाक्य मला सहन होत नाही. मी स्वतः अकरा वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे, त्यामुळे ती बटणं तशी का झाली हे मला माहितीये. भाषांतर करणाऱ्याला बऱ्याचदा स्क्रीन दाखवतच नाहीत, नुसती एक्सेल शीट पाठवतात, त्यात एका ओळीत कॅन्सल, दुसऱ्या ओळीत ओके, तो बिचारा समोर आलेल्या शब्दाला शब्द लिहून देतो, वर प्रश्न काय विचारलाय हे त्याला ठाऊकच नसतं. पुढे टेस्टिंगमध्ये मराठी स्क्रीन कोणी वाचत नाही, अक्षरं तुटत नाहीयेत ना एवढं बघून पास करतात कारण रिलीजची तारीख डोक्यावर असते. तिथे ‘हो, अर्ज पुसून टाका’ आणि ‘नाही, अर्ज राहू द्या’ असं लिहायला काहीच खर्च नव्हता. आणि तक्रार आलीच तर आमच्याच क्षेत्रात तिच्यावर शिक्का मारतात ‘युजर एरर’, म्हणजे चूक वापरणाऱ्याचीच.

यूपीआयचंच बघा. पैसे मागणारी रिक्वेस्ट आणि पैसे मिळाल्याचा निरोप यातला फरक घाईत लक्षात यायचा नाही, लोक पैसे येतायत असं समजून पिन टाकायचे आणि खातं रिकामं व्हायचं. वर्षानुवर्षं आपण लोकांनाच सांगत राहिलो की पैसे घ्यायला पिन लागत नाही, सावध राहा. शेवटी यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने १ ऑक्टोबर २०२५ पासून दोन व्यक्तींमधली ती रिक्वेस्टच बंद करायला लावली. म्हणजे दुरुस्ती स्क्रीनमध्येच करावी लागली ना, मग इतकी वर्षं फसलेल्यांनाच का बोल लावले?

मुद्दाम फसवणाऱ्या डिझाईनवर निदान नियम तरी आहेत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला डार्क पॅटर्नचे १३ प्रकार ठरवून त्यांवर बंदी आणली, न विचारता टोपलीत वस्तू टाकणं, सबस्क्रिप्शन बंद करायची वाट लपवणं वगैरे. पण निष्काळजीपणाचं काय? सुप्रीम कोर्टापुढे ॲसिड हल्ल्यातल्या पीडित आणि दृष्टिहीन लोकांच्या याचिका आल्या होत्या, केवायसीसाठी, म्हणजे ओळख पटवायला, कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावा म्हणायचं आणि ज्यांना ते शक्यच नाही त्यांनी काय करायचं? ३० एप्रिल २०२५ च्या निकालात कोर्टाने डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि २० निर्देश दिले. मला वाटतं माझ्या आईचा प्रश्नही याच रांगेतला आहे. वेबसाठीच्या ॲक्सेसिबिलिटी नियमांनुसार, म्हणजे दिसायला अडचण असणाऱ्यांसकट सगळ्यांना वापरता यावं म्हणून केलेल्या नियमांनुसार, साध्या अक्षरांचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजेडातला फरक, किमान ४.५ ला १ हवा, आईने पाठवलेल्या स्क्रीनशॉटवरच्या सूचना मी मोजून पाहिल्या तर जेमतेम २.३ ला १ निघाला, पांढऱ्यावर फिकट राखाडी, आणि हे ॲप डोळ्यांच्या ऑपरेशनचे क्लेम घेतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की ॲप बाजारात आणायच्या आधी साठी ओलांडलेली पाच-सहा माणसं बोलवा, त्यांच्या हातात फोन द्या आणि मध्ये न बोलता नुसतं बघा. मराठी भाषांतर करणाऱ्याला अख्खा स्क्रीन दाखवा. आणि अर्धवट भरलेला अर्ज आपोआप सेव्ह होऊ द्या, हे आज कुठल्याही कंपनीला अवघड नाही.

तुम्हालाही एक विनंती आहे. वाचकांकडून असे स्क्रीनशॉट मागवा आणि आठवड्याला एक छापा, खाली ते बटण कसं असायला हवं होतं तेही छापा. पहिला मी पाठवते, आईचाच, तिची परवानगी घेतली आहे. तिने अर्ज दुसऱ्या दिवशी परत भरला, सगळी माहिती आधी वहीत उतरवून घेऊन.

आपली,
एक वाचक, पुणे