शिष्यवृत्ती सराव संचांसाठी मदतीचे आवाहन

सप्रेम नमस्कार,

आपल्या तालुका मुख्याध्यापक संघाचे काम नव्याने सांगायला नको. कोविडमध्ये शाळा बंद होत्या तेव्हा स्वाध्यायपत्रिका वाड्यावस्त्यांवर पोचवल्या त्या संघानेच, आणि कागद दिला बाजारपेठेतल्या झेरॉक्सवाल्या दादांनी. "पैशाचे नंतर बघू" म्हणाले, ते बिल आजतागायत आलेले नाही. चित्रकलेच्या बाईंनी पहिल्या पेन्शनमधून पाच हजार दिले, वर स्वतः बसून गठ्ठे बांधले. मुंबईकर मंडळींनी तर गणपतीतली आरतीच्या ताटातली जमा आणून दिली. ही माणसे संघ विसरलेला नाही.

यंदाच्या बैठकीत सर्व मुख्याध्यापकांचा सूर एकच होता. एनएमएमएसला, म्हणजे आठवीतल्या मुलांसाठीच्या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्ती परीक्षेला, कोणाचाच विरोध नाही. तिथे निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२ हजार मिळतात, ते आपल्याच पोरांना हवेत. पण ९० मिनिटांत ९० प्रश्न, पेपर सगळ्यांना तोच. शहरातली मुले दर शनिवारी सराव करून येतात, आपली मुले उत्तरपत्रिकेतले गोल पहिल्यांदा केंद्रावरच बघतात. गेल्या साली एका मुलीने सतरावा प्रश्न सोडला आणि अठराव्याचे उत्तर सतराव्याच्या ओळीत रंगवले. शेवटी एक ओळ उरली तेव्हा तिच्या लक्षात आले. पेनाने भरलेले गोल खोडणार कसे? कच्च्या कामाच्या पानावरची गणिते बरोबर होती हो! पुढे निकालाचा तक्ता निघतो आणि खुलासा द्यायचा मुख्याध्यापकाने. वेतनेतर अनुदानाबद्दल, म्हणजे पगार सोडून शाळेच्या इतर खर्चासाठीच्या सरकारी पैशाबद्दल, तर न बोललेलेच बरे.

थोडे मनातले. मागच्या आवाहनाला ग्रुपवर साठ अंगठे आले, पैसे सात जणांचे. सत्काराच्या फोटोला मात्र स्टेज पुरले नाही. असो.

एका मुलाचा संच (दहा पेपर व कोऱ्या उत्तरपत्रिका) १२० रुपये, मुले ३१०, एकूण ३७,२००. हाती ९,५००, उरलेले २७,७०० दिवाळीच्या सुट्टीआधी हवेत, नंतर प्रेसवाले लग्नपत्रिकांत अडकतात. रोख किंवा संघाच्या नावे चेक आपल्या शाळेच्या मुख्याध्यापकांकडे. पावती मागून घ्या. पैसे जमत नसतील तर शनिवारी सकाळच्या शाळेनंतर दोन तास पेपर तपासायला या.

कळावे,
सचिव

ता.क. काळ्या-निळ्या बॉलपेनांचे डबेही चालतील. जेलपेन कृपया नको, शाई मागच्या पानावर उतरते.