कायदा गावापर्यंत न्यायचा आहे, माणसं हवीत

ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के गावातल्या दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. हे ग्रामसभेत सांगितलं की निम्मे लोक आमच्याकडे बघतात आणि उरलेले ग्रामसेवकाकडे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 चा. लागू झाला 19 एप्रिल 2017 पासून. 1995 च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे 7 प्रकार होते, आता 21 आहेत. सिकलसेल, थॅलेसेमिया, ऑटिझम, अ‍ॅसिडहल्ल्यानं आलेलं अपंगत्व, सगळं त्यात आहे. नंदुरबार-गडचिरोलीकडे सिकलसेलचे रुग्ण असलेली घरं कमी नाहीत. पण आपण या कायद्यात बसतो, हे त्यांना सांगणार कोण?

आम्ही राज्यभरचे स्वयंसेवक तेवढंच करतो. पगारी कोणी नाही, ऑफिसही नाही. कायदा सोप्या मराठीत सांगायचा आणि अर्ज लिहून द्यायचा. तोंडी विचारलं तर ‘पुढच्या आठवड्यात या’. तेच मागणं कायद्याचं कलम घालून लिहून दिलं, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घेतली, की कागद हलतो. नेहमी नाही, पण पुष्कळदा. नाहीच हलला तर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करता येते, आणि तिथं ती पोचच कामाला येते. कलम 23 प्रमाणे प्रत्येक सरकारी कार्यालयात तक्रार निवारण अधिकारी नेमलेला हवा. तुमच्या तहसील कचेरीत सहज विचारून बघा, कोण आहेत ते.

आता मागणं. निवृत्त कारकून, तलाठी, ग्रामसेवक असाल तर वकिलांपेक्षा आधी तुम्हीच हवे आहात. फाईल कुठल्या टेबलावर अडते ते तुम्हाला ठाऊक. पुण्या-मुंबईबाहेर सांकेतिक भाषेचे दुभाषे शोधूनही मिळत नाहीत. अहिराणी, गोंडी, भिलीत कायद्याची माहिती ध्वनिमुद्रित करून द्यायला आवाज हवेत. स्वतः दिव्यांग असाल तर फारच उत्तम, कारण आमच्याबद्दलचं आमच्याशिवाय ठरू नये.

पैसेही लागतात: झेरॉक्स, ब्रेल छपाई, सिव्हिलमध्ये तपासणीला येणाऱ्याचं आणि सोबत्याचं गाडीभाडं. शंभर रुपयेही चालतील, पावती मिळेल. जुने कपडे आणि धान्याची पाकिटं मात्र नकोत. चेक देतानाचा फोटोही निघणार नाही, आधीच सांगून ठेवतो.

तुमच्या तालुक्यातल्या आमच्या स्वयंसेवकाकडे नाव, गाव आणि महिन्यातला कोणता दिवस मोकळा आहे ते कळवा. कचेऱ्या उघड्या असतात असा वार सांगितलात तर बरं.