बोकड कापायचाच आहे तर आधी त्याचे हाल तरी करू नका

संपादक साहेब, नमस्कार,

मटण खाऊ नका असं सांगायला हे पत्र लिहीत नाहीये, रविवारी सकाळी सोलापुरात दुकानासमोर जी गर्दी असते त्यात मी पण असतो. पण कापायच्या आधी त्या जनावराचे जे हाल चाललेत ते बघवत नाहीत. सांगोल्याच्या बाजारातून पिकअप भरून शेळ्या-बोकडं येतात, मे महिन्याच्या उन्हात, इतकी कोंबलेली की एखादं खाली बसलं की परत उठूच शकत नाही, बाकीची त्याला तुडवतात, आणि उतरवताना मागचा पाय धरून सरळ ओढतात. पाण्याची बादली कुठंच दिसत नाही. मग एकाच खुंटीला तीन-चार बांधतात आणि त्यांच्या समोरच पहिलं कापतात. राहिलेली दाव्याला हिसके देत मागं सरकतात, पाय लटलट कापत असतात, जागेवरच मुततात.

हे कायद्यात बसत नाही हो! 2001 च्या कत्तलखान्याच्या नियमात सरळ लिहिलंय की एका जनावरासमोर दुसरं कापायचं नाही, डॉक्टरनं तपासल्यावर 24 तास विश्रांती द्यायची, गाभण जनावर आणि तीन महिन्यांच्या आतलं पिल्लू कापायचं नाही. पण प्राण्यांना क्रूर वागवण्याविरुद्धच्या 1960 च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड किती, तर 10 ते 50 रुपये, मग कोण घाबरणार?

आणि यात धर्म आणायचं काही कारण नाही. जनावरासमोर सुरीला धार लावू नये, एकासमोर दुसरं कापू नये ही शिकवण मुस्लिम समाजात पण आहेच. खाटिकांना तरी किती बोलणार, दहा बाय दहाच्या दुकानात तो माणूस 24 तास जनावर ठेवणार कुठं? खरं तर घाबरून दमलेल्या जनावराचं मटण पण चांगलं राहत नाही, अंगातली साखर आधीच जळून गेलेली असते त्यामुळं कापल्यावर मटणात आम्ल नीट तयार होत नाही, ते काळपट पडतं आणि लवकर खराब होतं, म्हणजे नुकसान दुकानदाराचं आणि गिऱ्हाइकाचं पण.

आषाढात मागणी लई वाढते. त्याच्या आत कापायच्या जागी सावलीची शेड, पाण्याची टाकी आणि मधे एक आडोशाची भिंत एवढं तरी करा, आणि पिकअपमध्ये किती जनावरं भरलीत ते बाजारातून गाडी निघतानाच तपासा.

– एक वाचक, सोलापूर