सलूनमधली अफवा

प्रिय सुधीर,

कथेतून समाजावर टीका करायची तर लेखकाला मध्येच थांबून बोलावंच लागतं, असं तू लिहिलंस. मला ते पटत नाही. अमेरिकन लेखक विल्यम फॉकनरची ‘ड्राय सप्टेंबर’ वाच. १९३१च्या जानेवारीत ‘स्क्रिब्नर्स’ मासिकात आलेली ही कथा, आणि तिच्यात उपदेशाचा एक शब्द नाही.

अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातलं जेफरसन हे त्याचं कल्पित गाव. ६२ दिवस पावसाचा थेंब नाही. सलूनमध्ये कुजबुज चाललीय की मिनी कूपर या गोऱ्या, बिनलग्नाच्या बाईच्या बाबतीत विल मेज या काळ्या माणसाने काहीतरी केलं. काय केलं, कुणालाच ठाऊक नाही. फ्रान्समध्ये लढून शौर्यपदक मिळवलेला मॅक्लेंडन तर उघडच विचारतो, घडलं की नाही याने काय फरक पडतो? म्हणजे गुन्हा घडायचीही गरज नाही, माणूस काळा असला की झालं!

पण मला सगळ्यात जास्त छळतो तो हॉकशॉ न्हावी. विल तसा नाही, मी त्याला ओळखतो, हे तोच पुन्हा पुन्हा सांगतो. मॅक्लेंडन माणसं घेऊन विलला पकडायला निघतो, तेव्हा हा बाकीच्यांना आवरायला म्हणून त्यांच्याच गाडीत बसतो. बेड्या घातलेला विल झटापटीत हात फिरवतो, फटका हॉकशॉच्या तोंडावर बसतो आणि हॉकशॉही त्याला मारतो. पुढे विल त्याला नावाने हाक मारतो, तेव्हा हा चालत्या गाडीतून उडी टाकतो. चांगला माणूस निसटला, विल गाडीतच राहिला. विलचा खून फॉकनर दाखवत नाही. गाड्या परत जातात, आत एक माणूस कमी. घरी पोचलेला मॅक्लेंडन वाट बघत जागलेल्या बायकोला मारून खुर्चीवर ढकलतो. तोच हात, रे!

आणि आता जे सांगतो त्याने मी फार अस्वस्थ आहे. १९३१च्याच फेब्रुवारीत फॉकनरने मेम्फिसच्या ‘कमर्शियल अपील’ या वृत्तपत्राला पत्र लिहिलं आणि जमावाचं बरोबरच असतं अशा सुरात कायदा हातात घेऊन माणसं मारणाऱ्या झुंडींची पाठराखण केली. १९०८च्या सप्टेंबरात मिसिसिपीतल्या त्याच्याच ऑक्सफर्ड गावात गोऱ्या जमावाने तुरुंगात घुसून नेल्स पॅटन या काळ्या माणसाला मारलं, तेव्हा फॉकनर अकराचाही नव्हता. त्या पत्राला माझ्याकडे माफी नाही. तरी कथा लिहिताना त्याला जे दिसलं ते पत्र लिहिणाऱ्या फॉकनरला दिसलं नव्हतं, असंच मला वाटतं. म्हणून तर कथेवर माझा एवढा विश्वास आहे.

वाचून झाली की हॉकशॉबद्दल सविस्तर लिही. तो भित्रा होता असं तू म्हणशील, मला माहीत आहे. पण त्या गाडीत तो बसला होता आणि बाकी गाव घरात होतं, हेही लक्षात घे.

तुझा,
अनिल