प्रत्येक ‘रिझॉल्व्ह’ म्हणजे निर्धार नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशी बातम्या आणि अर्थविषयक मजकूर मराठीत आणताना ‘रिझॉल्व्ह’ या इंग्रजी शब्दासाठी सरसकट ‘निर्धार’ लिहिण्याची सवय वाढते आहे. ‘सीमावादाबाबत दोन्ही देशांचा निर्धार’ असा मथळा वाचला की दोघेही हट्टाला पेटले आहेत असे वाटते. मूळ बातमीत मात्र वाद मिटवायची तयारी असू शकते. एवढा उलटा अर्थ वाचकापर्यंत जाणार असेल, तर या शब्दाकडे जरा नीट पाहायला हवे.

शब्द लॅटिनमधून आलेला आहे. मूळ अर्थ सोडणे, मोकळे करणे, विरघळवणे. ‘सॉल्व्ह’ आणि ‘सॉल्व्हंट’ त्याच घरातले. मनातली शंका विरघळली की उरतो तो निश्चय, अशा वाटेने ‘पक्का निर्धार’ हा अर्थ त्याला पुढे चिकटला. म्हणून सोडवणे आणि ठाम राहणे ही दोन्ही कामे तो आजही करतो. आपल्याकडे ‘सोक्षमोक्ष लावणे’ यात गाठ सुटणे आणि निर्णय होणे दोन्ही येते. त्याच्या इतका जवळचा मराठी प्रयोग मला दुसरा दिसत नाही.

अर्थ ओळखण्याची खूण वाक्यातच असते. क्रियापदापुढे थेट वाद, तक्रार किंवा अडचण आली, तर मिटवणे, निकाली काढणे, सोडवणे. पुढे ‘टू’ आणि दुसरे क्रियापद आले, तर निश्चय करणे किंवा साधे ‘ठरवणे’. पुढे ‘दॅट’ आले आणि कर्ता सभा, मंडळ किंवा समिती असेल, तर ठराव करणे. कर्ता एकटा माणूस असेल, तर मनाशी ठरवणे. नाम म्हणून ‘रिझॉल्व्ह’ आले, तर मात्र बेलाशक निर्धार लिहावे. तो बळावतो, डळमळतो, ढळतो, कसोटीला लागतो. त्याला दरवेळी ‘पोलादी’ करण्याची गरज नाही, ‘ठाम’ पुरते.

खरा घोटाळा ‘रेझल्यूशन’पाशी होतो. नव्या वर्षाचे असेल तर संकल्प. सभेचे असेल तर ठराव: संविधान सभेने 22 जानेवारी 1947 रोजी मंजूर केला तो उद्दिष्टांचा ठराव, काश्मीरप्रश्नी सुरक्षा परिषदेचा 21 एप्रिल 1948 चा 47 क्रमांकाचा तोही ठरावच. महाराष्ट्रात लहानथोर ज्याला ‘जीआर’ म्हणतात, त्यातला ‘आर’ हेच ‘रेझल्यूशन’. पण तिथे सभा नसते, सरकार निर्णय देते, म्हणून ‘शासन निर्णय’ हा शब्द नेमका बसला. मोबाइलच्या पडद्याचे असेल तर चित्राची स्पष्टता. आणि छातीच्या एक्स-रेच्या अहवालात न्यूमोनिया ‘रिझॉल्व्हिंग’ लिहिले असेल, तर तो ओसरतो आहे. घरच्या माणसांना हे शब्दशः सांगायला गेले तर ती उगाच घाबरतात.

गृहनिर्माण संस्थांच्या कार्यवृत्तात ही चूक महागात पडते. इंग्रजी नमुन्यातले ‘रिझॉल्व्ड दॅट’ कुणी ‘असा निर्धार करण्यात आला’ असे उतरवतो. बँकेत खाते उघडायचे किंवा सह्यांचे अधिकार बदलायचे, तर बँक ठरावाची प्रत मागते. तीत सभेची तारीख, ठराव क्रमांक, सूचक व अनुमोदकांची नावे आणि सही कोण करणार हे स्पष्ट हवे. निर्धार ही मनाची अवस्था आहे, ठराव हा कागदावरचा निर्णय आहे. बँकेला दुसरा लागतो. तिथे ‘असे ठरले की’ लिहावे आणि खाली ‘ठराव सर्वानुमते मंजूर’ किंवा ‘बहुमताने मंजूर’, जे घडले असेल ते.

अर्थपानावरही तसेच. 2016 च्या नादारी व दिवाळखोरी संहितेतली ‘रेझल्यूशन’ प्रक्रिया म्हणजे कंपनी मोडीत न काढता, नव्या हाती देऊन किंवा कर्जाची फेरमांडणी करून ती चालू ठेवण्याचा प्रयत्न. त्यासाठी मूळ मुदत 180 दिवसांची, तीत 90 दिवसांची वाढ मिळू शकते. इथे ‘निराकरण’ हाच शब्द ठेवावा. नुसते ‘तोडगा’ लिहिले, तर घेणेकरी आणि कंपनी यांच्यात परस्पर समेट झाला असे वाटते.

विशेषनामांचे भाषांतर करू नये, हे वेगळे सांगायला नको, तरी ‘रेझल्यूट’ मेजाबद्दल सांगतो. अमेरिकेच्या अध्यक्षांच्या कार्यालयातले ते मेज ‘एचएमएस रेझल्यूट’ या ब्रिटिश जहाजाच्या लाकडाचे आहे. जहाज 1854 मध्ये आर्क्टिकच्या बर्फात सोडून द्यावे लागले. पुढच्या वर्षी ते एका अमेरिकी देवमाशांच्या शिकारी जहाजाला सापडले आणि 1856 मध्ये ब्रिटनला परत दिले गेले. मेज राणी व्हिक्टोरियाने 1880 मध्ये भेट दिले. ‘निर्धाराचे मेज’ लिहिले की हा सगळा इतिहास पुसला जातो.

स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांसाठी दोन गोष्टी. ‘रेझल्यूट’ हे विशेषण माणसाच्या वागण्याचे आहे: ठाम, न डगमगणारा. त्याच्यापुढे ‘टू’ लावून ‘जाण्यास रेझल्यूट’ अशी रचना इंग्रजीत रूढ नाही. तिथे ‘डिटरमिन्ड’ किंवा ‘रिझॉल्व्ड’ हवे. शिवाय या शब्दात कौतुक आहे. चुकीच्या गोष्टीला चिकटून बसणाऱ्याला इंग्रजीत ‘ऑब्स्टिनेट’ म्हणतात, मराठीत दुराग्रही. त्याला ‘रेझल्यूट’ म्हटले तर त्याची बाजू घेतल्यासारखे होते.

उच्चारही फसवतो. ‘रिझॉल्व्ह’मध्ये जोर दुसऱ्या अवयवावर, ‘रेझल्यूट’मध्ये पहिल्यावर, म्हणून एकात ‘रि’ आणि दुसऱ्यात ‘रे’. दोन्हींतला झ ‘माझा’तला, ‘माझी’तला नव्हे. आपल्या वृत्तपत्राच्या लेखनसूचीत हे दोन शब्द एकदा कायमचे नोंदवावेत, ही विनंती.

आपला,
एक अनुवादक, पुणे