हस्तलिखितांच्या रॉ फाइलींचे पुढे काय होते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुनी हस्तलिखिते, मोडी कागद आणि चित्रे यांच्या डिजिटायझेशनच्या बातम्या अलीकडे वारंवार वाचायला मिळतात. त्यांत पानांची संख्या असते, खर्चाचा आकडा असतो. छायाचित्र काढून झाल्यावर रॉ फाइलवर, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेल्या प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलवर, संगणकात कोणती प्रक्रिया केली, याचा उल्लेख मात्र क्वचितच आढळतो. प्रतीवर किती विश्वास ठेवायचा हे बरेचसे याच टप्प्यावर ठरते, म्हणून हे पत्र.

नेहमीच्या डिजिटल कॅमेऱ्यात सेन्सरवरील (प्रकाश टिपणाऱ्या चकतीवरील) प्रत्येक पिक्सेल लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकच रंग मोजतो. ही मांडणी कोडॅक कंपनीतील ब्राइस बायर यांची असून तिचे पेटंट १९७६ चे आहे. उरलेले दोन रंग सॉफ्टवेअर शेजारच्या पिक्सेलांवरून अंदाजाने भरते. एरवी ते खपून जाते. पण बोरूच्या बारीक रेघेच्या कडेला किंवा घट्ट विणीच्या कापडावर मुळात नसलेले रंग त्यामुळे उमटू शकतात. पेंटॅक्सने २०१५ पासून काही कॅमेऱ्यांत आणलेल्या ‘पिक्सेल शिफ्ट’ पद्धतीत सेन्सर एकेक पिक्सेल सरकवून चार फ्रेम घेतल्या जातात, आणि प्रत्येक जागी लाल व निळा एकदा, तर हिरवा दोनदा प्रत्यक्ष मोजला जातो. मेगापिक्सेलचा आकडा यात वाढत नाही, पण अंदाज जातो, आणि कागदपत्रांच्या कामात माझ्या मते तेच अधिक मोलाचे आहे.

चार फ्रेम जोडायच्या म्हणजे चारही फ्रेममध्ये पान तसूभरही हललेले नसावे. जुन्या वाड्याच्या लाकडी तक्तपोशीवरून कोणी चालत गेले, पंख्याच्या वाऱ्याने पानाचा कोपरा उचलला गेला किंवा विजेचा दाब खालीवर होऊन दिवे मंदावले, की फ्रेम जुळत नाहीत आणि कडांवर जाळीसारखी नक्षी दिसू लागते. ‘रॉथेरपी’ हा रॉ फाइलींवर प्रक्रिया करणारा मुक्त प्रोग्राम (म्हणजे ज्याची आतली रीत कोणालाही पाहता येते असा) इथे खरा उपयोगी पडतो. त्याच्या २०१७ मधील ५.१ या आवृत्तीपासून पेंटॅक्सच्या चार फ्रेमच्या फाइली तो स्वतः जोडतो, हललेला भाग ओळखतो आणि तेवढ्याच भागापुरती आपण निवडलेली एकच फ्रेम नेहमीच्या पद्धतीने वापरतो. फ्रेमफ्रेममधील उजेडाचा फरक समान करण्याची सोयही त्यात आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हललेला भाग कोणता मानला, याचा मुखवटा, म्हणजे तेवढा भाग वेगळा दाखवणारा थर, तो पडद्यावर दाखवतो. मुखवटा एखाद्या अक्षरावरच पडलेला दिसला, तर पान पुन्हा टिपायचे हे तिथल्या तिथे कळते. जोडणी निमूटपणे उरकून गुळगुळीत चित्र हाती देणाऱ्या प्रोग्राममध्ये हे कळायला मार्ग नाही. शिवाय केलेल्या प्रत्येक बदलाची नोंद रॉथेरपी चित्राशेजारी एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये ठेवतो. ती कोणत्याही संगणकावर उघडून वाचता येते.

कॅमेऱ्यांची तऱ्हा सारखी नाही, हेही सांगायला हवे. सोनीच्या चार फ्रेमच्या पद्धतीत चार सुट्या रॉ फाइली मिळतात. त्या कंपनीच्या प्रोग्रामने एआरक्यू या सोनीच्या प्रकारच्या एका फाइलमध्ये बांधल्या की पुढचे काम रॉथेरपीत होते. फुजीच्या जीएफएक्स १०० कॅमेऱ्याच्या सोळा फ्रेम कंपनीच्याच प्रोग्राममध्ये जोडून डीएनजी (रॉ चित्राचा एक प्रकार) फाइल तयार करावी लागते. ऑलिंपसच्या ई-एम५ मार्क टू कॅमेऱ्यात आठ फ्रेमची जोडणी कॅमेराच करतो आणि ६४ मेगापिक्सेलची एकच रॉ फाइल देतो. सोबत पहिली फ्रेम तेवढी वेगळी राहते, बाकीच्या पुन्हा तपासता येत नाहीत. सहलीच्या छायाचित्रांना याने काही बिघडत नाही. दोनशे वर्षांपूर्वीच्या सनदेची प्रत करताना मात्र मी असा कॅमेरा निवडणार नाही.

मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे फुकटचे, म्हणून कमअस्सल, असा समज कार्यालयांत अजून आहे. पैशांची बचत हा इथे दुय्यम मुद्दा आहे. जोडणीची रीत सर्वांना वाचता येणाऱ्या प्रोग्रामच्या संकेतात (कोडमध्ये) लिहिलेली असल्यामुळे अमुक रेघ शाईची की संगणकाची, असा वाद उद्या निघाला तर जाणकाराला ती रीत तपासता येते.

तेव्हा अशा कामाच्या निविदांत काही अटी घालाव्यात, अशी विनंती संबंधित संस्थांना आपल्या दैनिकामार्फत करतो. जोडलेल्या चित्राबरोबर सर्व मूळ फ्रेम आणि प्रक्रियेची नोंद असलेली फाइल संस्थेच्या ताब्यात द्यावी. जागा चौपट लागेल, हे खरे. पण साठवणुकीची तबकडी पुन्हा विकत घेता येते, आणि जीर्ण पान दर वेळी दिव्याखाली उलगडणे त्याला सोसणारे नसते. जोडणी मुक्त प्रोग्रामने शक्य असेल तिथे तीच करून घ्यावी आणि जिथे कंपनीचा प्रोग्राम टाळता येत नाही तिथे त्याचे नाव व आवृत्ती प्रत्येक फाइलसोबत नोंदवावी.

आपला नम्र,
एक हौशी छायाचित्रकार, सातारा