गावाला चोर म्हणण्याआधी सामान आत घ्या

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

हिवाळा लागला की आमच्या मनसर-पवनी-देवलापारच्या रस्त्यानं कॅराव्हॅन दिसायला लागतात. कोणाची टेम्पो ट्रॅव्हलर आतून घरासारखी करून घेतलेली, कोणाची जीप अन् तिच्या टपावर घडीचा टेंट, नागपूरहून निघतात, रामटेकला दर्शन, खिंडसीच्या काठाला एक रात्र, मग सिल्लारी गेटवर पेंचची सफारी, तिथून कोणी नागझिऱ्याकडं वळतो कोणी ताडोबाकडं. चांगलंच आहे, ठेल्यावरचा चहा विकल्या जातो, दूध-अंडी-वांगी गावातूनच घेतात. पण यातल्या कोणाची एखादी फोल्डिंग खुर्ची नाहीतर शेगडी गेली की दुसऱ्या दिवशी मोबाइलवर व्हिडिओ फिरून राहिला असतो, "इकडे थांबू नका, गाववाले चोर आहेत". गावाचं नाव घेऊन, पाटीचा फोटो टाकून! पोलिसात मात्र कोणी जात नाही. म्हणून हे पत्र लिहून राहिलो.

चोऱ्या होतच नाहीत असं मी म्हणणार नाही. ज्याच्या वावरातली मोटर, स्टार्टर, केबल, स्प्रिंकलरच्या तोट्या रात्रीतून साफ होतात त्याला चोर काय असते हे बाहेरच्या माणसानं सांगायची गरज नाही. केबल तर जाळून वरचं प्लास्टिक काढतात अन् तांबं भंगारात विकतात, शेतकरी सकाळी जाऊन पाहतो तर नुसती राख. त्यामुळं आमच्याकडचा माणूस काय बाहेर ठेवायचं अन् काय घरात आणायचं हे रोज संध्याकाळी ठरवतो, अन् कॅराव्हॅनवाला लाखाचं सामान झाडाखाली मांडून लाइटची माळ लावून झोपून जातो. आता बोला.

मी जे पाहिलं-ऐकलं त्यात गाडीचं दार फोडून नेलेलं जवळपास काहीच नाही, जे जाते ते बाहेरचं जाते. गाडीच्या बाजूनं जी कापडी छत्री काढतात, अवनिंग म्हणतात तिला, तिच्या खालच्या खुर्च्या-टेबल, आइसबॉक्स, शेगडी, ५ किलोचा छोटा सिलिंडर, उन्हात टेकवून ठेवलेलं सोलर पॅनल, मागच्या रॅकवरची सायकल, टपावरच्या कॅरियरमधली बॅग, डिझेलचा कॅन. सगळ्या वस्तू अशा की एका माणसानं उचलून दोन मिनिटात धुऱ्याच्या (बांधाच्या) पलीकडं नेता येतात. अन् ती नवीन मोठी बॅटरी निघाली नं, पॉवर स्टेशन म्हणतात, तिला तर कंपनीनंच उचलायला मूठ देऊन ठेवली आहे.

लोकांना वाटते चोरी रात्रीच होते. रात्री तुम्ही गाडीतच असता हो, कोणी जवळ आलं तर पाचोळा तरी वाजते. खरी मोकळी वेळ सकाळच्या सफारीची. गेट कधी उघडते हे बोर्डावर लिहून असते, पहाटे अंधारात सगळं कुटुंब सफारीच्या उघड्या जिप्सीत बसून आत गेलं की तीन-चार तास परत येत नाही हे ठेल्यावर बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे, चोराला पाळत ठेवायचीही गरज नाही, तुमचं टाइमटेबल वनविभागानंच छापून दिलं आहे. अन् त्याच पहाटे थंडीत उठायला उशीर झालेला, पोरांचे स्वेटर सापडत नाहीत, जिप्सीवाला हॉर्न वाजवून राहिला, तर अवनिंग कोण गुंडाळते अन् खुर्च्या कोण आत घेते? कोणीच नाही, सगळं तसंच सोडून पळतात. म्हणून हे काम आदल्या रात्री जेवण झालं की करून टाकायचं, अवनिंग बंद, शेगडी थंड झाली की आत, रेग्युलेटर काढून सिलिंडरही त्याच्या जागेवर नीट, टपावर काही नाही, खिडक्यांचे पडदे ओढलेले. सकाळी फक्त दार लावून निघायचं राहिलं पाहिजे.

काही गेटवर मोबाइल आत नेऊ देत नाहीत, तेव्हा लोक फोन अन् पाकिटं डॅशबोर्डच्या खणात टाकून जातात, जो खण खिळ्यानंही उघडते. त्यापेक्षा सीटखाली जाड पत्र्याची एक पेटी फ्लोअरला नट-बोल्टनं पक्की करून घ्या, बोल्ट पेटीच्या आतून आवळायचे म्हणजे बाहेरून पाना लागतच नाही, वेल्डिंगवाला एका दिवसात करून देते. फोनवर *#०६# दाबलं की आयएमईआय म्हणजे त्या फोनचा ओळख नंबर दिसते, तो घरी कोणाकडं तरी लिहून ठेवा. फोन गेला तर पोलीस तक्रारीची प्रत लावून सरकारच्या संचार साथी वेबसाइटवरच्या सीईआयआर पोर्टलवर तो ब्लॉक करता येते, मग दुसरं सिम टाकूनही चालत नाही.

आता जे बाहेर ठेवावंच लागते त्याचं. बाजारात मिळते ती बारीक वायरची केबल-लॉक पक्कडनंसुद्धा तुटते, तिच्यावर पैसे घालू नका. ट्रकवाले स्टेपनीला जी साखळी लावतात ती घ्या, खुर्च्या, टेबल, आइसबॉक्सची कडी सगळं एकातून ओवून साखळी चेसिसला नाहीतर टोइंग हुकला बांधा, अवनिंगच्या पायाला बांधून काही फायदा नाही कारण तो पायच निघून येते. सायकलचं तेच, नुसती रॅकला लॉक केली तर रॅकसकट जाईल. ट्रेलर ओढून आणणाऱ्यांनी गाडी सोडवून फिरायला जायच्या आधी ट्रेलरच्या हिचला, म्हणजे गाडीला जोडायच्या कडीला, कुलूप अन् चाकाला क्लॅम्प लावलाच पाहिजे, नाहीतर दुसऱ्या कोणाचीही बोलेरो तो जोडून नेऊ शकते. अन् ट्रकवाल्यांची अजून एक युक्ती घेण्यासारखी आहे, ते ढाब्यावर मागची बाजू भिंतीला चिकटवून लावतात, मागचं दार उघडायला जागाच ठेवत नाहीत.

आपल्याकडं लग्नात आलेल्या पातेल्यावर नाव टाकून घ्यायची पद्धत आहे, तोच मशीनवाला शेगडीवर, पॉवर स्टेशनच्या बुडाला, पॅनलच्या फ्रेमवर, खुर्चीच्या पायावर नाव कोरून देते, शेतकरी पाइपावर ऑइलपेंटनं लिहितो तसं टेंटच्या पिशवीवर मोठ्या अक्षरात लिहिलं तरी चालते. दिसायला वाईट दिसते म्हणून लोक करत नाहीत. पण सामान सापडलं तर ते तुमचंच हे दाखवायला काहीतरी लागते नं, ठाण्यात जाऊन "माझी हिरवी खुर्ची गेली" सांगितलं तर हिरव्या खुर्च्या अर्ध्या तालुक्यात आहेत. निघायच्या आधी सगळं सामान अंगणात मांडून एक फोटो काढा, महागाच्या वस्तूंचे सिरीयल नंबर अन् बिलाचे फोटो ठेवा.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो. मार्च-एप्रिलमध्ये अंधार असतानाच बायामाणसं टोपल्या अन् बॅटऱ्या घेऊन जंगलाच्या बाजूला चाललेली दिसली तर ते चोर नाहीत बाप्पा, मोहफुलं पहाटे गळतात अन् ढोरं-अस्वलं यायच्या आत ती वेचावी लागतात. पुढं मे महिन्यात तेंदूपत्त्यासाठी असंच पहाटे उठून जातात. अशा बायांवर सर्चलाइट मारून गाडीचा सायरन वाजवणारे पाहिले आहेत मी. तसंच बूट नाहीतर ब्रेडचं पाकीट गेलं तर आधी आजूबाजूला शंभर पावलं फिरून पाहा, वांदरानं झाडावर नेलं असते नाहीतर गावातल्या कुत्र्यानं ओढलं असते. खाण्याचं सामान रात्री बाहेर ठेवूच नये, या भागात वासानं अस्वल आलं तर खुर्ची गेल्याचं दुःख कोणाला राहणार नाही.

सगळ्यात उपयोगाचं म्हणाल तर ते आहे माणूस. कापलेल्या धानाचे पुंजणे (ढीग) वावरात असले की आम्ही जागलीला, म्हणजे राखणीला, माणूस ठेवतो, संत्र्यावाले वरुड-काटोलकडं बगिच्यात ठेवतात, यात नवीन काही नाही. कॅराव्हॅनवाल्यानं गावात शिरल्याबरोबर सरपंच नाहीतर पोलीस पाटलाला भेटावं, आम्ही इथं दोन दिवस आहोत, जागलीला कोणी मिळेल का विचारावं, अन् रात्रीचे व सफारीच्या वेळेचे दोन-तीनशे रुपये मोकळ्या मनानं द्यावे. हजारोची जिप्सी करता तिथं हे काय जास्त आहे? रस्त्यावर स्वतःहून "मी बघतो साहेब" म्हणत आलेल्याला ठेवू नका, गावानं दिलेला माणूस ठेवा. गाडीची चावी त्यालाही द्यायची नाही, त्यात त्याचीच अडचण होते. बाकी, "आज रात्री आम्ही इथं एकटेच" असं ठिकाणासकट स्टेटस टाकायची हौस घरी पोचल्यावर भागवा.

तरी चोरी झालीच तर व्हिडिओ नंतर, आधी ११२ नाहीतर सरळ ठाणं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, तिच्यात साधी चोरी कलम ३०३ मध्ये येते, ३ वर्षांपर्यंत शिक्षा, पण ५ हजारांच्या आतली वस्तू असेल तर ते अदखलपात्र धरतात, म्हणजे पोलीस नुसती नोंद करून घेतात. इथंच लोक फसतात. माणसं राहत असलेल्या टेंटमधून नाहीतर प्रवासी वाहनातून चोरी झाली तर कलम ३०५ आहे, त्यात ७ वर्षांपर्यंत शिक्षा आहे, तंबू हा शब्द कायद्यात स्पष्ट लिहिलेला आहे. तेव्हा तक्रारीत "सामान गेलं" एवढंच लिहू नका, टेंटच्या आतून गेलं की गाडीतून गेलं की बाहेरून गेलं ते खरं खरं लिहा अन् किंमत लिहा. पुढच्या गावी पोचल्यावर लक्षात आलं तरी तिथल्या ठाण्यात झिरो एफआयआर देता येते, हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही, अन् एफआयआरची प्रत फुकट मिळते. विम्याचं म्हणाल तर साध्या मोटर पॉलिसीत आतलं सुटं सामान येत नाही, अन् नंतर बसवलेला फ्रिज-पॅनल पॉलिसीत किंमतीसकट दाखवलेलं नसेल तर त्याचेही पैसे मिळणार नाहीत, एजंटला हे गाडी बनवतानाच विचारा.

आता सरकारबद्दल. महाराष्ट्राचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ चं आहे, त्यात कॅराव्हॅन पार्कची कल्पना आहे, पाणी, वीज, संडास असलेली गाड्या थांबवायची जागा. आमच्या रस्त्यावर गाड्या अजून ढाब्याच्या मागं, तलावाच्या पाळीवर, नाहीतर कोणाच्या वावरात विचारून-न विचारून लागतात. गेटजवळच्या ग्रामपंचायतींकडं थोडीफार जागा आहे. तिथं तारेचं कुंपण, दोन लाइट, एक नळ, संडास अन् गावातलीच दोन पोरं पाळीनं पहाऱ्याला ठेवा, गाडी नंबर लिहायचं रजिस्टर ठेवा, रात्रीचं भाडं घ्या, ग्रामपंचायतीला उत्पन्न होईल अन् चोरी झाली तर जाब विचारायला कोणीतरी असेल. गेटवर सफारीचे दर लिहिले आहेत त्याच बोर्डावर जवळच्या ठाण्याचा नंबर लिहायला तर काही खर्चही नाही.

डिसेंबरात नागपूरला अधिवेशनासाठी सगळे मंत्री-आमदार येतात, त्यातले बरेच सफारीलाही येतात. त्याआधी आपल्या पेपरनं हा विषय लावून धरावा, आमच्याकडच्या लोकप्रतिनिधींना विचारावं की रामटेक तालुक्यात पार्कसाठी कोणती जागा पाहिली अन् कधी होणार, आणि मिळालेलं उत्तर छापावं.

आपला,
एक धान उत्पादक शेतकरी,
देवलापार परिसर, ता. रामटेक, जि. नागपूर